जुने गोवे: नदीकाठचं सेंट कॅजेटन चर्च नीट बघायचं तर दिवस कसा आखावा?

अनवट
जानेवारीत एक पूर्ण दिवस जुन्या गोव्यासाठी ठेवला आहे. समुद्रकिनारे या खेपेला नकोत. मठांना जोडून बांधलेली जुनी चर्च बघायची आहेत, त्यातही मांडवीच्या काठाजवळचं सेंट कॅजेटन. ठाण्याहून रात्रीच्या कोकणकन्याने निघून सकाळी करमळीला उतरायचं असा विचार आहे.

चौघे आहोत. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण सावकाश चालतात. मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला स्केच काढायला वेळ हवा. प्रश्न असे:

कुठून सुरुवात करावी? शनिवार बरा की रविवार? सेंट कॅजेटनमध्ये नेमकं काय बघायचं? बहुतेक ठिकाणी "रोमच्या सेंट पीटर चर्चची प्रतिकृती" या एका वाक्यावरच माहिती संपते. आणि फेरीबोटीने समोरच्या दिवाडी बेटावर जाणं सासूबाईंना झेपेल का?

मांडवीकाठ
सुरुवात नदीकडून करा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

जुनं गोवं हे नदीकडे तोंड असलेलं शहर होतं. जहाजं मांडवीतून वर येत, माणसं धक्क्यावर उतरत आणि कमानीतून शहरात शिरत. आज सगळे पणजी-फोंडा रस्त्याने येतात, गांधी चौकात उतरतात, बॉम जीझस आणि समोरचं से कॅथेड्रल बघतात आणि दीड तासात परत. म्हणजे घरात मागच्या दाराने शिरून माजघरातूनच परतण्यासारखं झालं. सेंट कॅजेटन नदीच्या बाजूला असल्यामुळे या घाईत ते हमखास सुटतं.

करमळी स्टेशनपासून जुनं गोवं दोन-तीन किलोमीटर आहे. रिक्षावाल्याला "चर्च" म्हणालात तर तो बॉम जीझसपाशी सोडेल. "दिवाडी फेरीचा धक्का" असं स्पष्ट सांगा. सामान फार असेल तर आधी ते मुक्कामाच्या ठिकाणी टाकून या. बॅगा ओढत ही चर्च बघणं सासूबाईंनाच काय, कोणालाच सुखाचं नाही.

धक्क्यावर नदीकडे पाठ करून उभे राहा. समोर व्हाइसरॉयची कमान दिसेल. ती १५९७ मध्ये व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामाने उभारली. तो वास्को द गामाचा पणतू. म्हणून नदीकडच्या बाजूला वरच्या कोनाड्यात वास्कोचा पुतळा आहे आणि खाली हरीण कोरलेलं आहे, ते द गामा घराण्याचं चिन्ह. नवा व्हाइसरॉय आला की इथून वाजतगाजत आत जायचा. आज उभी आहे ती कमान मात्र १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली, हे मुलीला सांगून ठेवा. जुने चिरे आणि नवं काम यांतला फरक तिला ओळखता येतो का बघू दे.

कमानीतून आत आलात की डाव्या हाताला सेंट कॅजेटनचं आवार. रस्ता सपाट आहे, पण फेरीची वाहनं याच कमानीखालून जातात. फोटो काढायला मध्ये थांबू नका, सासूबाईंना कडेने घ्या.

चर्चच्या आधी आवारात एक एकटाच काळ्या दगडाचा दरवाजा दिसतो: दोन खांब, वर तुळई, आजूबाजूला भिंत नाही. बरेच जण त्याच्या शेजारून निघून जातात. आदिलशाही वाड्याचा एवढाच अवशेष राहिला आहे. पोर्तुगीजांनी शहर घेतल्यावर १५५४ पासून १६९५ पर्यंत त्यांचे व्हाइसरॉय याच वाड्यात राहत होते. १८२० मध्ये वाडा पाडून दगड दुसरीकडे नेला. खांबांवरची नक्षी जवळून बघा, ती थेट देवळातल्या खांबांच्या घडणीची आहे. घडवणारे हात इथलेच होते.

नदी, कमान, दरवाजा आणि मग चर्च. या क्रमाने गेलात तर दोनशे-तीनशे पावलांत विजापूर, लिस्बन आणि रोम अशी तिन्ही गावं पायाखालून जातात.

वाराचं म्हणाल तर शनिवार. रविवारी सकाळी मिस्सा असतात आणि बॉम जीझसमध्ये पर्यटकांना साडेदहाच्या सुमारासच सोडतात. शुक्रवार टाळा, त्या दिवशी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बंद असतं.

चिरेबंदी
मांडवीकाठ यांनी रस्ता दिलाच आहे, मी इमारतीचं सांगतो.

आधी नाव. चर्चचं मूळ नाव "दैवी कृपेची माता" अशा अर्थाचं आहे. सेंट कॅजेटन हे थिएटाइन संघाचे एक संस्थापक. संघाची स्थापना १५२४ मध्ये रोमला झाली. या संघाचा नियम असा की मठाने जमीनजुमला ठेवायचा नाही आणि भिक्षाही मागायची नाही, देव देईल त्यावर राहायचं. चर्चचं नाव त्या नियमातूनच आलं. इटलीहून आलेल्या या साधूंना खरं तर गोवळकोंड्याला जायचं होतं. तिथे प्रवेश मिळाला नाही, म्हणून १६४० च्या सुमारास ते गोव्यात राहिले. इथली बाकीची मोठी चर्च पोर्तुगीज घडणीची आणि हे एकटं इटालियन का, त्याचं उत्तर एवढंच.

काम १६५० च्या दशकात सुरू झालं. आराखडा कार्लो फेरारिनी आणि फ्रान्सेस्को मारिया मिलाझ्झो या दोन इटालियनांचा. "सेंट पीटरची प्रतिकृती" हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेला अर्धा भाग जास्त मजेचा आहे.

दर्शनी भिंतीसमोर वीसेक पावलं मागे उभे राहा. उंच अर्धस्तंभ, त्यांच्या माथ्यावर कोरिंथियन पानं, मध्यभागी त्रिकोणी शिरोभाग. इथवर रोमच आहे. आता दोन्ही टोकांचे मनोरे बघा. रोमच्या सेंट पीटरलाही दर्शनी भिंतीच्या दोन्ही बाजूंना असे मनोरे उभे करायचे होते. तिथल्या बेर्निनी या वास्तुरचनाकाराने एक उभारायला घेतला, पण खालच्या बांधकामाला तडे गेले आणि १६४६ मध्ये तो उतरवावा लागला. रोमला जे पेललं नाही ते गोव्याला, लहान मापात, पेललं. म्हणून ही नुसती नक्कल नाही. रोमच्या मनात असलेलं आणि अर्धवट राहिलेलं चित्र इथे पुरं झालेलं दिसतं. मुलीने स्केच काढायचंच तर हा दर्शनी भाग काढावा, मनोऱ्यांसकट.

कोनाड्यांत चार पुतळे आहेत: पीटर, पॉल, जॉन आणि मॅथ्यू. दारावर लॅटिन ओळ आहे, "दोमुस मेआ, दोमुस ओरात्सिओनिस". म्हणजे "माझे घर हे प्रार्थनेचे घर".

आत गेल्यावर लगेच वेदीकडे चालू लागू नका. दारातून चार पावलं पुढे येऊन थांबा. बाहेरून इमारत लांबट चौकोनी वाटते, आतला आराखडा मात्र ग्रीक क्रुसाचा, चारही भुजा जवळजवळ सारख्या. मध्ये चार जाड खांब, त्यांवर कमानी आणि कमानींवर अर्धगोल घुमट. जुन्या गोव्यातल्या बाकीच्या मोठ्या चर्चना असा घुमट नाही. बॉम जीझसचं छत लाकडी आणि वर कौलं, से कॅथेड्रलला लांबट कमानदार छत. त्या दोन्ही ठिकाणी नजर सरळ वेदीकडे ओढली जाते, इथे ती आधी वर जाते. हा फरक अंगाला जाणवायला पाच मिनिटं गप्प बसावं लागतं, आणि बाकं त्यासाठीच आहेत. सासूबाईंना तिथे बसवा.

मुख्य वेदी धरून सात वेद्या आहेत. लाकडी कोरीवकाम, वर सोन्याचा मुलामा. मुख्य वेदीच्या खाली तळघर आहे. गोव्यात वारलेल्या बड्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांचे देह शिशाच्या पेट्यांत इथे ठेवत आणि जहाज मिळालं की लिस्बनला पाठवत. तळघरात उतरता येईल असं धरून जाऊ नका.

उजव्या-डाव्या वेद्यांवर कापडावरची चित्रं आहेत, ती इटालियन धाटणीची. आत उजेड कमी असतो. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला वेळ द्या, मग चित्रं दिसू लागतात. फ्लॅश मारून काही मिळत नाही, जुना रंग चकाकतो आणि चित्र हरवतं.

अनवट
दोघांचेही मनापासून आभार. हे एवढं वाचून क्रमच बदलला. आधी आम्ही बॉम जीझसपासून सुरुवात करणार होतो.

अजून दोन शंका. घुमटाखाली विहीर आहे असं ऐकलं, ते खरं का? आणि सेंट कॅजेटन पांढरं, पण बॉम जीझस लाल चिऱ्यांचं उघडं का? मुलगी म्हणते जांभा उघडा ठेवायचा दगडच नाही.

चिरेबंदी
मुलगी बरोबर आहे.

विहीर आधी. घुमटाच्या बरोबर खाली जमिनीवर एक झाकलेला चौथरा दिसतो, त्याखाली विहीर आहे. दोन मतं आहेत. एक, ती आधीच्या देवळाची असावी. दुसरं, नदीकाठची जमीन पाणथळ, त्यामुळे इमारतीच्या पायातलं पाणी एका जागी उतरावं आणि त्याची पातळी सांभाळता यावी म्हणून ती मुद्दाम ठेवली. मला दुसरं मत जास्त पटतं. एवढ्या जड घुमटाचा भार चार खांबांवर, आणि मांडवी हाकेच्या अंतरावर. भरती-ओहोटीने आणि पावसाळ्याने जमिनीतलं पाणी वरखाली होत राहणार. खांब असमान खचले तर सगळ्यात आधी घुमट तडकतो.

आता जांभा. कोकणात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं: चिरा खाणीतून काढताना मऊ, उन्हा-वाऱ्यात कडक होतो, पण त्याच्या अंगात छिद्रं असतात. तो पाणी पितो. पाण्याबरोबर आतली माती सुटते, छिद्रं मोठी होतात, शेवाळ धरतं, कडा झिजतात. म्हणून जुन्या गोव्यातल्या इमारतींना चुन्याचा गिलावा आणि वर सफेती असायची. शिंपल्या भाजून केलेला चुना ओलावा बाहेर जाऊ देतो आणि पावसाचा मार स्वतः सोसतो. तो झिजतो, दरवर्षी पुन्हा द्यायचा. गिलावा झिजण्यासाठीच असतो, भिंत टिकण्यासाठी.

बॉम जीझसचा गिलावा १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुरचनाकाराच्या सांगण्यावरून खरवडून काढला. दगड उघडा दिसला की इमारत "अस्सल" आणि जुनी दिसते, असा त्या काळचा समज. तेव्हापासून जवळजवळ साडेतीनशे वर्षं गिलाव्याआड असलेला जांभा दर पावसाळ्यात थेट भिजतो आहे. आज तो तांबडा रंग सगळ्यांना इतका सवयीचा झाला आहे की हेच त्याचं मूळ रूप वाटतं. तसं नाही. सेंट कॅजेटनची पांढरी भिंत जुन्या शहराच्या मूळ रूपाच्या जास्त जवळ आहे.

बॉम जीझसच्या दर्शनी भिंतीवर लाल चिऱ्यांमध्ये काळ्या दगडाचे स्तंभ आणि नक्षी दिसेल. जांभ्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही, म्हणून त्यासाठी काळा दगड वसईहून आणला. वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्च ज्यांनी पाहिली असतील त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवून दोन्ही ठिकाणची नक्षी ताडून बघावी. ठाण्याहून वसई तर तुम्हाला अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दर्यावर्दी
फेरीबोटीबद्दल. झेपेल, पण दोन गोष्टी सांभाळा.

बोट सपाट असते, पुढची फळी उतारावर टेकते आणि वाहनं-माणसं एकाच वाटेने चढतात. ओहोटीला उताराचा खालचा भाग ओला आणि शेवाळलेला असतो. पाय घसरतो तो तिथेच. सासूबाईंना रबरी तळव्याची चप्पल घालायला सांगा आणि मोटारसायकली पूर्ण चढेपर्यंत थांबा. उतरताना उलट: आधी मोटारसायकली सुसाट सुटतात, त्यांना जाऊ द्या, मग निघा. पायी माणसाला भाडं नाही. पलीकडे पोचायला काही मिनिटंच लागतात. कठड्याला धरून उभं राहता येतं.

नुसतं जाऊन त्याच बोटीने परत आलात तरी पैसा वसूल, खरं तर पैसा लागतच नाही. परत येताना पुढच्या बाजूला उभे राहा. माडांच्या वर जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात आणि समोर कमान हळूहळू मोठी होत जाते. मांडवीकाठ म्हणतात तो नदीकडून प्रवेश खरा असा. त्यामुळे माझ्या मते क्रम थोडा बदला: धक्क्यावर उतरल्यावर आधी फेरीने पलीकडे जाऊन या आणि मग कमानीतून आत शिरा.

दिवाडी बेटावर पुढे जायचं असेल तर वाहन लागेल. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान याच बेटावर. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला वेगळी फेरी आहे. एका दिवसात सेंट कॅजेटन आणि नार्वे दोन्ही होईल, पण मग स्केचला वेळ उरणार नाही. निवड तुमची.

मांडवीकाठ
दर्यावर्दींची दुरुस्ती मान्य. आधी फेरी, मग कमान. मलाही हेच पटतं.

दुपारचं सांगायचं राहिलं. सेंट कॅजेटनला किमान एक तास द्या, स्केच असेल तर दोन. लागूनच जो मठ आहे तिथे आता धर्मगुरूंसाठीची पायस दहावे पास्टरल संस्था चालते. तो पर्यटकांसाठी नाही, दारं ढकलून बघू नका. चर्चमध्ये कुणी प्रार्थना करत असेल तर बाजूच्या भुजेत थांबा, मधून चालू नका. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे सगळ्यांनी घाला. बॉम जीझसच्या दारात यावरून अडवतात. आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या चर्चमध्ये वास्तूचे फोटो चालतात, पण वेदीसमोर माणसं उभी करून काढायला मनाई असते. "फक्त एक ग्रुप फोटो" म्हणून वाद घालू नका.

तिथून से कॅथेड्रलच्या मागे असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च. हे फ्रान्सिस्कन मठाचं. आजची इमारत १६६१ ची, पण दारापाशी थांबा: काळ्या दगडाची, दोरखंडासारखी पीळ असलेली चौकट आधीच्या १५२१ च्या चर्चमधून तशीच इथे बसवली आहे. ही मॅन्युएलाइन शैली, पोर्तुगालच्या दर्यावर्दी दिवसांतली. मठाच्या खोल्यांत संग्रहालय आहे. भर दुपारी तिथे जावं, सावलीत तास निघतो.

ऊन उतरलं की होली हिल या टेकडीवर. चढ आहे, पण गाडीरस्ता वरपर्यंत जातो. सासूबाईंसाठी इथे रिक्षा कराच, हा चढ त्यांना चालवू नका.

साळुंकी
होली हिलवर ऑगस्टिनियन मठाचा मनोरा आहे, त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून.

बांधकाम १५९७ ते १६०२. मनोरा मुळात ४६ मीटर उंच, पूर्ण जांभ्याचा. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा पडला. आज उभा आहे तो उरलेला अर्धा. चिरेबंदी यांनी जांभ्याचं जे सांगितलं, ते देखभाल थांबली की कुठवर जातं याचा हा नमुना: छत गेलं की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरतं, आणि मग शंभर वर्षंही लागत नाहीत. इथली मोठी घंटा आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे, त्या प्रसिद्ध पायऱ्यांच्या वर. संध्याकाळी पणजीत असाल तर ऐका.

जमिनीवरच्या थडग्यांच्या फरशा जपून ओलांडा. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला मारली गेली, तिचे अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी इथे आणून ठेवले होते. पुरातत्त्व खात्याला ते २००४ च्या सुमारास इथल्या उत्खननात सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून ओळख पटली आणि २०२१ मध्ये त्यातला भाग भारताने जॉर्जियाला दिला.

भग्न भागात सावली जवळजवळ नाही आणि जमीन उंचसखल आहे. चारनंतर जा. सासूबाई मनोऱ्याच्या पायथ्याशी बसू शकतील.

अनवट
मग शनिवार पक्का. धक्का, फेरी, कमान, काळा दरवाजा, सेंट कॅजेटन दोन तास, जेवण, सेंट फ्रान्सिस आणि संग्रहालय, चारनंतर होली हिल. बॉम जीझस कुठे बसवू?

चिरेबंदी
होली हिलहून उतरताना, शेवटी. गर्दी ओसरते. तोपर्यंत दिवसभर पांढऱ्या भिंती बघून डोळा तयार झालेला असेल, तर उघडा जांभा कुठे कुठे झिजला आहे ते मुलीला स्वतःच दिसेल. तिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह ठेवलेली चांदीची पेटी उंचावर आहे, खालून फारसं काही दिसत नाही. देह जवळून दर्शनाला दहा वर्षांतून एकदा काढतात, मागचं दर्शन २०२४-२५ च्या हिवाळ्यात झालं. त्यामुळे तिथल्या रांगेत वेळ घालवण्यापेक्षा पेटीखालचा संगमरवरी चौथरा बघा. तो फ्लॉरेन्सच्या फोजिनीने घडवला आणि १६९८ मध्ये इथे बसवला.

चर्च बंद व्हायच्या निदान पाऊण तास आधी पोचा. आणि जेवणाआधी पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, होली हिलवर त्या लागतील.